खातं डबल झालंय : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

३ फेब्रुवारी, सोमवार

हळदीचा सीझन जोरात यायच्या आधी एक काम हातात घेतेय जे मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून नोंदी ठेवतेय. नाहीतर महिन्याभराने सर विचारणार हे कधी केलं, का केलं, आणि माझ्याकडे व्हॉट्सॲपचे चार मेसेज सोडून दाखवायला काही नसणार.

थोडक्यात मांडणी अशी. ऑफिस सांगलीच्या विश्रामबागला, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आवक, वजन, सौदा, पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद), उचल (शेतकऱ्याने घेतलेले आगाऊ पैसे), खाते उतारा असलं सगळं. माझं काम तिकिटं, म्हणजे दुकानांकडून आलेल्या तक्रारी आणि मागण्या, बंद करणं. रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवा, पट्टीवर दुकानाचा नवीन नंबर टाका, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं, "खातं डबल झालंय, एक करा". एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार होतात, दुकानातून फोन येतो, आपण दोन्ही आयडी शोधायचे, व्यवहारांच्या टेबलात जुन्याच्या जागी नवा आयडी अपडेट करायचा, उरलेलं खातं इनॲक्टिव्ह, तिकीट बंद, पुढचं. सगळ्या ऑफिसात हे असंच चालतं, मला जॉइन झाल्या झाल्या पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं आणि अजून हेच चाललंय.

आता प्रश्न असा की ही खाती डबल होतातच कशाला? सरांना विचारलं तर दुकानात हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींवर ढकलून म्हणाले "दिवाणजी लोक नीट शोधत नाहीत गं, नवीन खातं काढून मोकळे होतात." असेल. पण बघितलंय कुणी?

६ फेब्रुवारी, गुरुवार

बंद झालेली जुनी तिकिटं एक्सेलला काढली आणि हाताने ढीग लावत बसले. कंटाळवाणं काम आहे पण करायला पाहिजे होतं. एक ढीग ऱ्हस्व-दीर्घाचा, सूर्यवंशी आणि सुर्यवंशी, पाटील आणि पाटिल. दुसरा नावाच्या क्रमाचा, कुणी आडनाव आधी लिहितो कुणी नंतर. तिसरा गावाचा, एका खात्याला गाव आहे दुसऱ्याला नाहीच. हे तिन्ही अपेक्षित होते.

चौथा ढीग बघून मात्र डोकं चालेना. दोन्ही खात्यांत नाव अक्षर न् अक्षर सारखं, गाव सारखं, स्क्रीनवर शेजारी ठेवून बघितलं तरी काही फरक नाही. आणि नावाच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट आहे! नाव, गाव आणि दुकान मिळून एकदाच येऊ शकतं. मग डेटाबेसने दुसऱ्यांदा घेतलंच कसं?

शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला "कुठंतरी मागं स्पेस असंल बघ की". स्पेस नाही. ट्रिम करून बघितलं.

मग ढिगातली नावं एकाखाली एक लिहिली. कुऱ्हाडे. गोऱ्हे. वऱ्हाडे. आणि गावाच्या, तालुक्याच्या कॉलमात कऱ्हाड. बहुतेक सगळ्यांत तो ऱ्ह.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! झोप लागली नव्हती म्हणून लवकरच ऑफिसला आले.

डेटाबेस पोस्टग्रेस आहे. त्यात लेंग्थ फंक्शन अक्षरं मोजतं, काना, मात्रा, हलंत सगळं सुटं धरून, आणि ऑक्टेट लेंग्थ बाइट. दोन्ही कुऱ्हाडेंवर चालवलं. एक आठ अक्षरांचा आणि २४ बाइटचा निघाला, दुसरा नऊ अक्षरांचा आणि २७ बाइटचा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, म्हणजे दुसऱ्या कुऱ्हाडेच्या पोटात एक जास्तीचं काहीतरी बसलंय जे दिसत नाही.

हेक्समध्ये, म्हणजे आतले कच्चे आकडे दिसतील असं, उघडून बघितल्यावर कळलं. पहिल्यात "ऱ" आहे, म्हणजे र च्या खाली टिंब, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी जगभरची पद्धत) ०९३१ नंबरचा, त्याला हलंत आणि मग ह. दुसऱ्यात साधा र आहे, ०९३० चा, मग हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं रुंदी नसलेलं चिन्ह, २००डी नंबरचं, आणि मग ह. दोन्हींचं स्क्रीनवर चित्र एकच उमटतं, कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. ही दोन मी आत्ता मुद्दाम दोन्ही पद्धतीने टाइप केलीयत, फरक सांगून दाखवा कुणीही.

आणि पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगला समान आहे का हे ठरवताना चित्र बघत नाही, बाइट बघतो. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. कन्स्ट्रेंट बिचारा बरोबरच होता.

दुपारी तालुकावार आवक रिपोर्ट काढून बघितला. त्यात कऱ्हाड दोनदा येतो, दोन ओळी, दोन वेगळ्या बेरजा. एवढे दिवस हा रिपोर्ट दुकानांना जातोय आणि कुणी विचारलेलं नाही, किंवा विचारलं असेल आणि आपण "एक करा" चं तिकीट समजून बंद केलं असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

युनिकोडच्या चार्टात ऱ च्या पुढे टीप आहे की हा द्रविडी भाषांमधला र दाखवायला, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे पापणीसारखा दिसणारा र. तो आपला दऱ्या, खोऱ्यातला, शेतकऱ्यातला. म्हणजे आपल्या रोजच्या अक्षराला राहायला खोली दिली ती दुसऱ्याच्या घरात. आणि जुनी, जॉइनर घालून लिहायची पद्धतही चालू ठेवलीय, जुना मजकूर तुटू नये म्हणून. दोन्ही अधिकृत. कुणाची चूक म्हणायची?

पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, युनिकोडच्या नियमाने मजकूर एकसारखा करणारं. मला वाटलं झालं काम, एक ओळ घालायची. पण ते फक्त "र अधिक नुक्ता" (खालचं टिंब) असं सुटं लिहिलेलं ऱ मध्ये जोडतं, जॉइनरवाल्याला हात लावत नाही. युनिकोडच्या हिशोबाने ही दोन एकच नाहीत. तेव्हा आपला नियम आपणच लिहायचा.

रिव्ह्यूला दाखवलं तर सिनिअर दादाने सुचवलं, एवढं काय, न दिसणारी सगळी चिन्हं उडवून टाक, एका रेग्युलर एक्स्प्रेशनचं काम आहे. तिथल्या तिथे करून दाखवलं. जॉइनर काढला की र, हलंत, ह उरतात आणि त्याचा रफार होतो, कुर्हाडे. पट्टीवर असं छापलं तर शेतकरी आपलं नाव म्हणून घेणार नाही. वर ते ऱ वाल्याशी जुळतही नाही. दऱ्याचा दर्या होतो म्हटल्यावर दादा हसला आणि म्हणाला "बरं बाई, तुझं चालू दे."

तर नियम असा ठरला: र, हलंत, जॉइनर ही तीन अक्षरं याच क्रमाने आली तरच त्या जागी ऱ आणि हलंत. बाकी कुठलाही जॉइनर जिथल्या तिथे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी होती पण मार्केट यार्डात गेले. सरांना सांगून गेले, ते म्हणाले "जा, पण तिथं काही प्रॉमिस करून येऊ नको", अनुभवी माणूस.

हे आधी व्हायला पाहिजे होतं असं वाटत राहिलं. आपण ज्या स्क्रीनची तिकिटं बंद करतो ती स्क्रीन कुठल्या टेबलावर असते हेच माहीत नव्हतं. टेबल दुकानाच्या तोंडालाच, हळदीची पोती उतरत असतात, सगळीकडे पिवळी धूळ, कीबोर्डची अर्धी बटणं पिवळी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर, आणि त्याखाली तो कॉम्प्युटर, ज्याचा एंटर दोनदा दाबावा लागतो.

दिवाणजी काका साठीच्या पुढचे. त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. टेम्पो आला, शेतकरी पुढे उभा, मागे अजून दोघंतिघं, हमाल विचारतोय कुठं लावू. काकांनी सर्चमध्ये कुर्‍हाडे टाइप केलं, खाली कोरं. परत टाइप केलं, परत कोरं. बाजूला ठळक निळं बटण, "नवीन खाते". दाबलं. मी असते तरी दाबलं असतं!

म्हटलं काका, यांचं खातं आधीचं असणार की. ते म्हणाले, "असणार म्हणजे? आहेच. गेल्या साली मीच काढलंय. पण तुमचं मशीन न्हाई म्हणतंय तर मी काय त्येच्याशी भांडत बसू, ताई? मागं लाईन बघा."

म्हणजे सर म्हणत होते तसं दिवाणजी शोधत नाहीत हे खोटं. शोधतात. सापडत नाही.

अजून एक कळलं. काट्यावर वजन घेणारा पोरगा मोबाइल ॲपमधून नाव टाकतो. त्याच्या फोनचा कीबोर्ड रोमनवरून मराठी करतो आणि ऱ्ह साठी जॉइनर घालतो. आतल्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट नावाचा मराठी कीबोर्ड, त्यात शिफ्ट धरून इंग्लिश J चं बटण दाबलं की थेट ऱ येतो. काट्यावर काढलेलं खातं टेबलावर सापडत नाही आणि टेबलावरचं काट्यावर. आज काकांनी जॉइनरवालं टाइप केलं कारण त्यांचा नातू मागच्या महिन्यात त्या कॉम्प्युटरला पण तोच रोमनवाला कीबोर्ड बसवून गेलाय. म्हणून गेल्या वर्षीचं खातं गायब. हे ऑफिसात बसून मला सात जन्मात कळलं नसतं.

आणि याने बिघडतं काय, तर उचल एका खात्यावर असते आणि पट्टी दुसऱ्या. शेतकऱ्याने दिवाळीला पन्नास हजार उचल घेतलेली, आता हळद विकली, पट्टी नवीन खात्यावर निघाली, त्यात उचल वजाच होत नाही. पूर्ण पैसे जातात. महिन्याने उतारा काढताना शेठना कळतं, मग त्या माणसाला फोन, मग वादावादी. काका म्हणाले असल्या एका भांडणात एक जुना शेतकरी समोरच्या दुकानात गेला, परत आलाच नाही. आपल्याकडे त्याचं तिकीट असणार, दहा मिनिटांत बंद झालेलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक पानी टिपण लिहून सरांना दिलं. काय होतंय, का होतंय, काय करायचं, किती दिवस लागतील. कोड लिहिण्यापेक्षा हे अवघड गेलं, खरंच. "का होतंय" हे दोन वाक्यांत सांगायचं आणि त्यात युनिकोड शब्द पहिल्या ओळीत येऊ द्यायचा नाही, कारण तो आला की वाचणारा पान उलटतो. सुरुवात उचल आणि पट्टीपासून केली.

सरांनी वाचलं. पहिला प्रश्न, "हे करून आपल्याला काय मिळणार? मेंटेनन्सचे पैसे तर तेवढेच येणारेत." दुसरा प्रश्न जास्त चांगला होता, "चुकून दोन वेगळी माणसं एक झाली तर ती परत वेगळी कशी करणार?"

पहिल्याला मी म्हटलं सीझनमध्ये आपला अर्धा दिवस यातच जातो. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नव्हतं. सोमवारी देते म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाने सगळं डिझाइन बदललं.

आत्तापर्यंत मर्ज म्हणजे जुना आयडी पुसून नवा लिहायचा. एकदा केलं की मूळ कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. आता व्यवहारांना हातच लावायचा नाही. खात्यांना "मुख्य खाते" नावाचा एक कॉलम, डबल खातं त्याच्या मुख्य खात्याकडे बोट दाखवणार, उतारा आणि उचल काढताना दोन्हींची बेरीज. चुकलं तर बोट काढून घ्यायचं, संपलं. कुणी, कधी, का जोडलं याची वेगळी नोंद.

आणि आपोआप काहीही जोडायचं नाही. एकाच गावात एकाच नावाचे भाऊबंद असतात, नाव, वडिलांचं नाव सगळं सारखं. हे मशीनला कळणार नाही, दिवाणजींना कळतं. मशीनने फक्त विचारायचं, हे तेच का? हो की नाही ते काका सांगतील.

सर म्हणाले "हां, आता बोललीस." परवानगी मिळाली, पण मार्च एंड संपेपर्यंत कुठल्याही दुकानात काही बसवायचं नाही ही अट. रोजची तिकिटं पण चालूच राहणार. म्हणजे हे काम सकाळी लवकर येऊन आणि जेवणानंतरच्या शांत तासात.

५ मार्च, बुधवार

कोडचा भाग, पटकन लिहून ठेवते.

नावाच्या दोन गोष्टी आता वेगळ्या. एक साठवायचं नाव, त्यात फक्त तो ऱ चा नियम आणि नॉर्मलाइझ, बाकी माणसाने लिहिलंय तसंच. कुणाचं आडनाव पाटिल असं लिहीत असतील तर ते आपण दुरुस्त करायला जायचं नाही, त्यांच्या आधारकार्डावर तसं असतं.

दुसरी, शोधायची किल्ली. ही कुणाला दिसत नाही म्हणून इथे पाहिजे तेवढं निर्दय व्हायचं. ऱ्हस्व-दीर्घ एक, ऱ चा र, जॉइनर गायब, स्पेस गायब, अनुस्वार गायब. सूर्यवंशी आणि सुर्यवंशीची किल्ली एकच. दादाची ती सगळं उडवून टाकायची सूचना इथे बरोब्बर बसली, त्याला सांगितलं तर खुश. किल्ली जनरेटेड कॉलम म्हणून ठेवली, म्हणजे नाव बदललं की पोस्टग्रेस स्वतःच ती परत काढतो, ॲप्लिकेशनने विसरायचा प्रश्न नाही. त्यावर इंडेक्स, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून सूची.

नावाचा क्रम अजून सुटलेला नाही. शब्द अकारविल्हे लावून किल्ली करायची असं डोक्यात आहे.

आणि पाटील. सांगलीच्या बाजारात पाटील शोधला की यादी स्क्रीनच्या खाली जाते आणि तिथून पुढे मिरजेपर्यंत! म्हणून यादीत नावाखाली गाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि शेवटचा माल कधी आणला ती तारीख. तारखेची कल्पना काकांची, मला फोनवर म्हणाले "आम्ही माणूस तसाच ओळखतो की, गेल्या टायमाला कधी आलावता त्यावरनं."

१२ मार्च, बुधवार

पुण्याचा मित्र सुट्टीला आलाय, कॉलेज कॉर्नरला भेटलो. तो हिंजवडीला, मोठ्या कंपनीत. त्याचं म्हणणं सांगलीत बसून तू काय शिकणार, दोन-तीन कोर्स कर, कोडिंगचे प्रश्न सोडव, स्विच मार. पगाराचा आकडा सांगितला त्याने, तो ऐकून घरी जाताना भडंगाचं पाकीट पण महाग वाटलं.

त्याच्या पगाराशी माझं भांडण नाही. पण मी विचारलं तू सध्या काय करतोस, तर म्हणाला एका स्क्रीनवरचं व्हॅलिडेशन, गेलं वर्षभर. ती स्क्रीन कोण वापरतं? माहीत नाही, अमेरिकेतलं कुणीतरी. मग फरक काय राहिला माझ्या तिकिटांत आणि त्याच्या? मोठ्या ऑफिसात पण रुटीन ते रुटीनच, कॅन्टीन तेवढं चांगलं असेल.

कोर्स मी पण केलेत, दोन सर्टिफिकेटं आहेत, वाईट नव्हते. पण इंडेक्स म्हणजे काय हे कोर्समध्ये ऐकलं होतं आणि कळलं ते काकांच्या मागे खुर्ची टाकून बसल्यावर, कारण तिथे सर्चला दोन सेकंद लागले की माणूस निळ्या बटणाकडे जातो. स्विच करायचं तर करेन पण. ते नाही असं काही म्हणत नाहीये.

२० मार्च, गुरुवार

मार्च एंडची तिकिटं. या प्रकल्पावर काही नाही. पोटभर रुटीन.

एक चांगलं झालं, नवीन जॉइन झालेल्या मुलाला टेस्टची नावं गोळा करायला लावलं होतं, त्याने घरी आजीला विचारून यादी आणली. त्यात तऱ्हाळ, बिऱ्हाडे, एक चंद्रबिंदूवालं, आणि एक नाव ज्याच्या मध्येच इंग्लिश टिंब. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं. सगळी टेस्टमध्ये घातली, दोन ठिकाणी फुटलं, दुरुस्त केलं.

३ एप्रिल, गुरुवार

पाडवा रविवारी आला, एक सुट्टी बुडाली. असो. आज काकांच्या दुकानात बसवलं, फक्त त्या एका दुकानात, ते पण संध्याकाळी सौदे आटोपल्यावर. जुन्या डेटावर आधी नुसता कोरडा प्रयोग, म्हणजे काय काय बदलणार त्याची यादी छापायची, बदलायचं काही नाही. यादी घेऊन काकांसमोर बसले. पेनने खुणा करत गेले. "हे एकच. हे एकच. हे न्हाई, हे दोघं भाऊ-भाऊ हायत, बोलत न्हाईत एकमेकाशी, यांना एक केलंसा तर मला गावात जाता येणार न्हाई."

सरांना हे फोन करून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण हसल्याचं ऐकू आलं.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी फोन. पट्टीवर नाव विचित्र छापतंय. स्क्रीनवर बरोबर, कागदावर र च्या खाली टिंब, त्याला पाय मोडलेला, आणि ह वेगळा.

गेले. प्रिंटरबरोबर आलेलं जुनं सॉफ्टवेअर स्वतःचा फॉन्ट वापरतं, त्या फॉन्टला जॉइनरवाली पद्धत माहीत आहे पण ऱ चं अर्धं रूप माहीत नाही. म्हणजे काट्यावरनं आलेली नावं आत्तापर्यंत नीट छापत होती आणि आपण सगळी ऱ वाली केल्यावर ती पण बिघडली. टेबलावरची पहिल्यापासूनच अशी छापत असणार. काकांना विचारलं तर म्हणाले, "व्हय, ती तशीच येत्यात, पेनानं नीट करतो." सांगितलं का नाही? "सांगायचं असतं व्हय हे?"

फॉन्ट बदलणं आपल्या हातात नाही, प्रिंटरवाला वेगळा. म्हणून छापायला पाठवताना उलटा नियम, ऱ आणि हलंतच्या जागी र, हलंत, जॉइनर. साठवण एक पद्धतीने, छपाई दुसऱ्या. दादाला हे घाणेरडं वाटतंय, मला पण थोडं वाटतंय. पण कोडमध्ये वर कारण लिहिलंय आणि सेटिंगने बंद करता येतं. दुपारपर्यंत पट्ट्या नीट.

१६ एप्रिल, बुधवार

काकांच्या दुकानातून अजून "डबल" चा फोन नाही. बाकी दुकानांतून येतायत, नेहमीसारखे. सरांनी स्वतः तिकिटांची यादी उघडून बघितली, मला न विचारता. मग म्हणाले बाकी दुकानांना मे महिन्यात टप्प्याटप्प्याने, आणि अंदाज तू दे. मी दिला. त्यांनी त्यातले चार दिवस कापले. मी प्रिंटरचं कारण सांगून दोन परत घेतले, कारण प्रत्येक दुकानात प्रिंटर वेगळा असणार आणि तिथे जाऊन एकेक पट्टी छापून बघितल्याशिवाय मी बसवणार नाही. अशी घासाघीस सरांशी कधी केली नव्हती. काही झालं नाही.

पदाचं विचारलं. "ते दिवाळीला बघू. पण दुकानवाल्यांच्या मीटिंगला इथून पुढं तू येत जा." पगाराचा विषय मी काढला, त्यांनी चहा मागवला. दिवाळीची तारीख लिहून ठेवलीय.

२८ एप्रिल, सोमवार

डबल खात्याची तिकिटं आता नव्या मुलाकडे. त्याच्यासाठी लिहून काढलं, पण "हे क्वेरी चालव" असं नाही. आधी लेंग्थ बघ, बाइट बघ, फरक असेल तर हेक्स बघ, फरक नसेल तर दुकानात फोन करून विचार की नाव कुणी आणि कशावरनं टाकलं. शेवटचं त्याला पटत नव्हतं, फोन करायला लाजतो. समोर बसवून एक फोन करायला लावला. पलीकडचे दिवाणजी त्याला पंधरा मिनिटं हळदीचे भाव सांगत बसले.

६ मे, मंगळवार

तीन दुकानांत बसलं. एका ठिकाणी प्रिंटर ठीक, एका ठिकाणी उलटा नियम चालू करावा लागला, तिसऱ्यात प्रिंटरच बंद.

मीटिंगला तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा विषय निघाला, त्यांना आपलं सॉफ्टवेअर पाहिजे. पण त्यांची जुनी खाती सगळी युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली. म्हणजे आत इंग्लिश अक्षरं आणि खुणा साठवलेल्या, वर फॉन्ट चढवला की मराठी दिसणार, फॉन्ट काढला की कचरा. सरांनी विचारलं किती दिवस. मी म्हटलं डेटा बघितल्याशिवाय आकडा देणार नाही. व्यापारी म्हणाले गुरुवारी या, पेनड्राइव्हवर देतो, आणि येताना त्या फॉन्टची सीडी चालंल असा कॉम्प्युटर पण आणा.

सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप ऑफिसात एकच आहे, स्टोअरमध्ये, चार्जर सापडत नाहीये. उद्या आधी ते.